आधी रवा फोडा

सयाजी लोंढेचा आवाज मार्केट यार्डात या टोकाच्या शेडपासून त्या टोकाच्या शेडपर्यंत जायचा. नेसरीकडून हमालीला आलेला हा गडी गुळाच्या सौद्यात बोली पुकारणारा झाला तो या आवाजावर, आणि टिकला तो एका सवयीवर. थप्पीतला एक रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडून आतला रंग व्यापाऱ्यांना दाखवल्याशिवाय तो तोंड उघडत नसे. आडत्यानं डोळे वटारले तरी नाही.

हाच आवाज वर्षातून एकदा देवळाच्या पटांगणात लागायचा. सयाजीच्या ख्रिस्ती मंडळीत, जी चर्चला देऊळच म्हणे, दिवाळीनंतर हंगामाचा सण होई. लोक शेतातलं, परसातलं काहीबाही आणून वेदीपुढं ठेवत. भोपळे, ऊस, कणसं, कोंबड्या. उपासना संपली की त्यांचा लिलाव. भोपळा घेणारा तोच भोपळा पुन्हा देवाला सोडी, पुन्हा त्यावर बोली लागे, आणि पैसा मंडळीच्या कामाला जाई. सयाजी एकेकाला नावानिशी गाठायचा. "काय वो पिराजी, जावयाला मोटारसायकल दिलासा, आन् देवाला लिंबू बी परवडंना व्हय?" लोक हसत, पिराजी शिवी गिळून बोली वाढवी.

१९९७ साली त्यानं छपरासाठी पुकारलं. बायकांच्या बाजूला देऊळ गळत होतं. बयाबाई नावाची विधवा दवाखान्यात फरशी पुसायची. सयाजीनं तिचं नाव घेतलं, म्हणून तिनं आपलीच कोंबडी बोली लावून पुन्हा पुन्हा घेतली आणि पुन्हा पुन्हा दिली. पुढचा पावसाळा आला. छपराचं एक कौल हललं नव्हतं. बयाबाई शेजारी घमेलं ठेवून उपासनेला बसू लागली. तिनं पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, काही विचारलं नाही, सयाजीला विचारलं.

"तुज्या शब्दावर दिलं बाबा मी. छप्पर कुटं हाय?"

 सयाजीनं पाळकांना, रेव्हरंड समुद्र्यांना गाठलं. ते म्हणाले, "दान देवाला दिलं, सयाजीराव. तिथं हिशेब नसतो, विश्वास असतो." तोवर मंडळीत कुजबूज सुरू झालीच होती. पाळकांचा मुलगा पुण्याला शिकायला गेला, तो कुणाच्या पैशावर?

१९९८च्या सणाला सयाजीचा पाय अडकलेला होता. मुलीचं, सुवार्ताचं, मिरजेच्या अमोसशी लग्न ठरलं होतं. त्यांच्या रीतीप्रमाणं वधूवरांची नावं तीन रविवार देवळात वाचतात, कुणाची हरकत आली नाही तरच लग्न लागतं. दोन वाचनं झाली होती. तिसरं सणाच्या रविवारी होतं, आणि लग्न त्याच आठवड्यात. पत्रिका वाटून झाल्या होत्या, मांडवाचे वासे दारात पडले होते.

सकाळी समुद्र्यांनी त्याला बाजूला घेतलं. "यंदाही छपरासाठीच पुकारा."

"मागलं कुटं गेलं, साहेब?"

समुद्र्यांनी झग्याची बाही नीट केली. "आज नावं लिलावानंतर वाचीन," एवढंच म्हणून ते आत गेले.

नावं नेहमी उपासनेतच वाचली जात. सयाजीला काय समजायचं ते समजलं. बायकोला, चिमणाबाईलाही समजलं. पायरीवर तिनं त्याचा सदरा धरला.

"अवो, आजच्या दिस गुमान पुकारा की. पोरीचं लगीन हाय."

"रवा न फोडता?"

"हितं काय गूळ इकायचाय व्हय?"

उपासना संपली. पटांगणात लोक अर्धगोल करून उभे राहिले. पहिली वस्तू बयाबाईची कोंबडी. सयाजीनं ती पाय धरून उचलली. लोक त्याच्या पहिल्या टोमण्याची वाट बघत होते. तो पाळकांकडं वळला. कोंबडीनं पंख फडफडवले.

"पाळकसाहेब," तो म्हणाला, "आधी रवा फोडा. मागल्या सालचं पैसं कुटं गेलं, सांगा. मग पुकारतो."

"सयाजी, देवळात हाईस, यार्डात न्हाय!" पंचमंडळीतून कुणीतरी ओरडलं.

"बोलू दे त्येला!" मागून दुसरा आवाज आला.

खजिनदार जमिनीकडं बघत होता. बायकांत उभ्या असलेल्या सुवार्तानं पदराचा बोळा मुठीत धरला होता. समुद्रे सयाजीकडं बघत राहिले, मग बयाबाईकडं.

"वकिलाला गेले. यंदाचेही तिकडंच जातील," ते म्हणाले. देवळामागच्या जागेवर एकानं कोर्टात दावा लावला होता. पंचमंडळीनं ठरवून ही गोष्ट दाबून ठेवली होती. "कोर्टासाठी तुम्ही दिले नसते. छपरासाठी देता."

"इचारून तर बगायचं!" पिराजी म्हणाला. त्याच्या आवाजात या वेळी थट्टा नव्हती.

सयाजीनं कोंबडी वर धरली. आवाज तोच, यार्डातला. "ही बयाबाईची कोंबडी. पैसं वकिलाला जाणार, छपराला न्हाय. पटंल त्यानं बोला."

 बयाबाई पुढं आली, त्याच्या हातातून कोंबडी घेतली, काखेत मारली आणि फाटकाबाहेर गेली. तिच्यामागं आणखी काहीजण आपापले भोपळे उचलून निघाले. उरलेल्यांनी थोडंफार घेतलं, पण घेतलेलं परत कुणी सोडलं नाही. पिराजीनं उसाची मोळी घेतली आणि सायकलला बांधली. लिलाव लवकर आटोपला.

मग समुद्रे कागद घेऊन पायरीवर आले. फाटकाकडं चाललेले लोक थबकले. समुद्र्यांनी कागद उलगडला, पुन्हा मिटला. चिमणाबाई जागच्या जागी खाली बसली. त्यांनी तो परत उलगडला आणि अमोसचं नाव वाचलं, सुवार्ताचं वाचलं.

"या विवाहास कोणाची हरकत असल्यास आत्ता सांगावी."

एवढं म्हणून ते नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. नजर सयाजीवर होती. हरकत आली नाही. त्यांनी कागद खिशात घातला.

लग्न ठरल्या दिवशी लागलं. समुद्र्यांनीच लावलं. जेवायला मात्र थांबले नाहीत.

सयाजीला पुकारायला पुन्हा कुणी बोलावलं नाही. पुढच्या सणाला पिराजी पुकारायला उभा राहिला. त्याचा आवाज फाटका, दहा माणसांपलीकडं जाईना. पण बोली सुरू करण्याआधी तो खजिनदाराकडं वळून उभा राहिला, आणि खजिनदारानं तोंड वाकडं करत मागच्या वर्षी काय आलं, कुठं गेलं ते वाचून दाखवलं. सयाजी मागं, चिंचेखाली, हाताची घडी घालून ऐकत होता. बयाबाईही आली होती. कोंबडी तिनं आणली नाही. एक लिंबू आणलं होतं.