तान्ह्या पोळ्यातला रिमोटचा ट्रक

कुवेतहून आलेल्या मामाने मला रिमोटवर चालणारा ट्रक दिला, तेव्हा आमच्या घरी फ्रिजसुद्धा नव्हता. ऐंशीनंतरची गोष्ट. ट्रक लालभडक, चाकं माझ्या मुठीहून मोठी आणि वेग असा, की महाल भागातली आमची गल्ली सुरू व्हायच्या आत संपायची. मी पाचवीत होतो आणि मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: तान्ह्या पोळ्याचं बक्षीस.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं आपापले चाकांवरचे लाकडी बैल सजवून मैदानात रांगेत उभे करतात. इतरांचे बैल गुडघ्याएवढे. माझा वीतभर. बाबांनी तो मोडक्या पलंगाच्या पायातून कोरला होता, ऑफिसातून आल्यावर, रोज थोडा थोडा. मान जरा वाकडी झाली होती. तो मागे वळून पाहतोय, असं बाबा सांगायचे. दर वर्षी तो मागे वळून पाहायचा आणि बक्षीस दुसराच न्यायचा.

या वर्षी बैल ट्रकला जुंपायचा, असं मी जाहीर केलं.

"बैल गाडी ओढते गा. गाडीनं बैल ओढलेला मी तं नाही पाहिला," बाबा म्हणाले आणि सुतळी शोधायला उठले.

पहिला बिघाड आईने केला. "नवी गाडी हाय, पूजा केल्याबिगर रस्त्यावर नाही काढाची," म्हणत तिने ट्रकला हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नारळ फोडून पाणी शिंपडलं. शिंपडलं म्हणजे आंघोळच घातली. मी बटण दाबलं. ट्रक लिंबावर चढला आणि एक आचका देऊन गप्प झाला. आईच्या मते त्याला नजर लागली होती.

बाबांनी तो उघडून गच्चीवर वाळत घातला. शेजारी सेलही मांडले, कारण उन्हात तापवले की सेलांत जीव येतो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. दिवस पावसाचे. ढग आला की आई कपडे काढायला धावायची आणि बाबा ट्रक.

शेवटी तो चालू झाला. फक्त आता बटण सोडल्यावरही कधीकधी थांबत नसे. बाबांनी आतली पत्र्याची पट्टी घासून पाहिली आणि निकाल दिला, "थांबते. पन त्याच्या मर्जीनं."

सरावात जुंपलेला बैल पहिल्याच झटक्याला आडवा झाला आणि तसाच नालीपर्यंत घासत गेला. पोटाचा रंग उडाला. बाबांनी तो पुन्हा रंगवला आणि या वेळी ओढायची भानगडच नको म्हणून बैलाला ट्रकच्या हौद्यात उभं करून सुतळीने बांधलं.

मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण लागलं होतं. तोरणाच्या अलीकडे सगळे बैल थांबतात, परीक्षक पाहून जातात, मग तोरण तोडतात. मला फक्त रांगेत नीट लागायचं होतं. बटण दाबलं, सोडलं. ट्रकची मर्जी नव्हती.

तो पहिल्या नंबरच्या उमेदवार बैलाला घासून गेला, तोरणाखालून निघाला, प्रमुख पाहुण्यांच्या टेबलावर आदळला आणि उलटा झाला. बैल खाली, चाकं वर. चाकं फिरतच होती.

"बाप्पा! काय पळून राहिला हा!" कोणीतरी ओरडलं आणि सगळी गर्दी ट्रकवर तुटून पडली. सुतळी कापून बैल बाजूला टाकला गेला. पाहुण्यांनी रिमोट मागून घेतला. त्यांच्या हातात ट्रक शहाण्यासारखा थांबला.

"पहिलं बक्षीस," माईकवर आवाज आला, "विलायती बैलाले!"

मी धावतच गेलो. बक्षीस म्हणजे स्टीलचा डबा होता आणि मी तो कितीही घट्ट छातीशी धरला तरी कमीच वाटत होतं. वळलो तर बाबा दिसले. ते तोरणापलीकडे उकिडवे बसून गवतात काहीतरी शोधत होते. सापडलं. बैलाचा पुढचा पाय होता.

डबा तिथेच ठेवून यावंसं वाटलं.

लोक टाळ्या वाजवत होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि उभे राहून तेही वाजवू लागले. मुठीत बैलाचा पाय होता, त्यामुळे त्यांची टाळी नीट जुळत नव्हती.