कुंचीतला वरवंटा

काष्टीजवळच्या धरणग्रस्तांच्या वसाहतीत छबूबाई मोबाईलवर बोलायला लागली, की अर्ध्या वसाहतीला ऐकू जायचं. वाकणगाव धरणात बुडालं, माणसं चार तालुक्यांत पांगली. आता बहुतेक सगळी 'आपलं वाकणगाव' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नांदत होती. कोणी लग्न कळवी, कोणी बुडालेल्या चावडीवरून भांडण उकरून काढी. छबूबाईचा निरोप रोज एकच: "आमची मुक्ता कुनाला घावली का रं?"

मुक्ताबाई तिची गावात भिंतीला भिंत लागून राहणारी मैत्रीण. दोन घरांत मिळून पाटा-वरवंटा एकच. गाव उठलं त्या गडबडीत पाटा मुक्ताच्या ट्रकमध्ये चढला, वरवंटा छबूच्या. ट्रक दोन दिशांना गेले ते गेलेच. ती हाय का न्हाई, एवढं तरी कळावं म्हणून म्हातारीचा जीव नुसता तुटायचा.

परवा तिच्या नातीच्या, निकिताच्या, मुलीचं बारसं झालं. रिवाजाप्रमाणं वरवंट्यालाही कुंची घालून बाळाशेजारी पाळण्यात निजवलं होतं. छबूबाईनं चष्मा न लावताच फोटो काढला आणि "माजी पणती" म्हणून ग्रुपवर धाडून दिला.

"रंग पणजीवर गेलाय!"

"अंगानं भरलंय हो, दृष्ट काढा!"

मग कोणीतरी फोटो मोठा करून बघितला. अगं बाई! कुंचीतून टवका उडालेला दगड डोकावत होता. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. 'लई गुणी लेकरू, अजिबात रडत न्हाई' म्हणत फोटो वसाहतीवसाहतींतून, पाहुण्यारावळ्यांतून फिरला. छबूबाई पदरात तोंड लपवून बसली.

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"छबे, चोट्टे! आपला वरवंटा हाय त्यो. टवका मीच पाडलाय!"

"मुक्ते? अगं, जिती हायस व्हय!"

"मरून सांगती कुनाला? सुनंनं हसत हसत फोटो दावला, मी वळखला. मग फोटो धाडनाऱ्याकडनं तुजा नंबर काढला."

पुढं दोघी एकदमच बोलत होत्या, ऐकत कोणीच नव्हतं.

रविवारी मुक्ताबाई कोल्हारहून जावयाच्या टेम्पोतून पाट्यासकट उतरली. छबूबाईनं गळ्यात पडून हंबरडा फोडला, तशी मुक्ताबाई खेकसली, "रडतीस काय? मिरच्या काढ!" आणि मिरच्यांचं निमित्त करून स्वतःच डोळे पुसत बसली. ठेचा असा झणझणीत झाला, की जावई पाणी पाणी करत सुटला.

निघायच्या वेळी मुक्ताबाई म्हणाली, "घे, पाटा तुलाच ठेव."

छबूबाईनं वरवंटा फडक्यात गुंडाळून तिच्या पिशवीत घातला. "मग ह्यो तू ने. दोन्ही एकाच घरात र्‍हायले, तर तू परत कशाला येशील?"