पेलागियाबाई उठल्या म्हणजे

आमच्या गावी व्हिल्चांक्यात पेलागिया द्रोझ्देक कोण म्हणून विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. कोटवाल्या बाई म्हणा, की पोस्टमनपासून पाद्रीबाबापर्यंत कुणीही तुम्हाला थेट त्यांच्या दारात नेऊन सोडेल. सांस्कृतिक भवनाच्या कोटघरात त्यांनी अडतीस वर्षं काढली. आलेल्याचा कोट घ्यायचा, खुंटीला अडकवायचा, नंबराचा बिल्ला हातात द्यायचा, कार्यक्रम संपला की बिल्ला घेऊन कोट परत. सोपं वाटतं ना? एकदा जानेवारीत सत्तर काळे कोट सांभाळून बघा म्हणजे कळेल.

दर गुरुवारी अकरा वाजता त्याच भवनात ज्येष्ठांच्या विद्यापीठाचं व्याख्यान असतं. विद्यापीठ म्हणजे साठी ओलांडलेली सत्तर डोकी, एक माइक आणि मध्यंतर नाही. पहिला पाऊण तास उशिरा येणाऱ्यांचे कोट घेण्यातच जायचा. मग कुठे पेलागियाबाई स्टूल ओढून दाराशी बसायच्या. सभागृहात कोंदट होतं म्हणून दार किलकिलं ठेवलेलं असे. त्यामुळे झालं काय, की अडतीस वर्षांत बाईंनी जगातल्या यच्चयावत विषयांचे फक्त शेवट ऐकले. साम्राज्य बुडालं हे ठाऊक, उभं कुणी केलं ते नाही. मीठ कमी खावं हे पाठ, कुठल्या दुखण्यात ते नाही. "शेवटी सूर्य पृथ्वीला गिळणार आहे," असं त्या बेकरीच्या रांगेत शांतपणे सांगत, आणि पुढची बाई घाबरून एक पाव जास्तीचा घेई.

एकाहत्तराव्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि भवनाने नवीन माणूस नेमलाच नाही. खुंट्या आहेत, हात आहेत, आपापलं अडकवा म्हणाले. बाईंनी मात्र दुसऱ्याच दिवशी विद्यापीठात नाव घातलं. आठवी झाल्या झाल्या कामाला लागलेली बाई ही. अडतीस वर्षं दर मार्चमध्ये लोक काळे झगे घालून प्रमाणपत्रं घ्यायचे आणि बाहेर येऊन त्यांच्याकडेच कोट मागायचे, कागद चुरगळू नये म्हणून एक हात वर धरून. तो कागद पेलागियाबाईंना हवा होता. अगदी मनापासून हवा होता, आणि त्यात लाजण्यासारखं काहीही नव्हतं.

पहिल्या गुरुवारी त्या आत जाऊन बसल्या आणि गोंधळल्याच. एकाही माणसाची ओळख पटेना! अहो, जन्मभर ज्यांना लोकरी कॉलरवरून आणि फाटक्या अस्तरावरून ओळखलं, ती माणसं इथे नुसत्या स्वेटरांत बसलेली.

"तुम्ही कोण?" त्यांनी शेजारच्या लठ्ठ गृहस्थांना विचारलं.

"अहो बाई, मी अलोयझी! जंगलखात्यातला. वीस वर्षं तुमच्याकडे कोट देतोय."

"हिरवा, डाव्या खिशाला भोक असलेला?"

"तोच."

"मग असं सांगा ना," म्हणून बाई निवांत झाल्या.

व्याख्यान पक्षाघातावर होतं. जिल्ह्याच्या दवाखान्यातले डॉक्टर आले होते. पेलागियाबाई कान देऊन ऐकत होत्या, कारण जन्मात पहिल्यांदा त्यांना कशाचीतरी सुरुवात ऐकायला मिळत होती. पण सव्वाबारा झाले आणि त्यांचे हात शिवशिवायला लागले. व्याख्यान संपायला पंधरा मिनिटं. बाहेर सत्तर कोट, आणि बघायला कुणी नाही. लोक एकदम बाहेर पडतील, चेंगराचेंगरी होईल, कुणीतरी कुणाचातरी कोट घालून चालू लागेल. बाईंच्याने राहवेना. त्या हळूच उठल्या.

आणि त्यांच्या मागोमाग अख्खं सभागृह उठलं.

त्यात लोकांचाही दोष नाही. पेलागियाबाईंचं स्टूल सरकलं की कार्यक्रम संपला, हे अडतीस वर्षं त्यांच्या अंगात मुरलेलं. घड्याळ कोण बघतंय? डॉक्टर बिचारे म्हणत होते, "ही तीन लक्षणं दिसली की लगेच..." आणि समोर सत्तर पाठी. आजही आमच्या गावात ती तीन लक्षणं सगळ्यांना पाठ आहेत, दिसल्यावर काय करायचं ते मात्र कुणाला माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात पोलीस खात्यातल्या बाई फोनवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल सांगायला आल्या. "असा फोन आला तर कधीही..." एवढं त्या म्हणाल्या, तोवर सव्वाबारा झाले होते.

आता मोठ्या बाईंचा पारा चढला. मोठ्या बाई म्हणजे रेगिनाबाई, विद्यापीठाच्या अध्यक्ष. पूर्वी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, गणित शिकवायच्या, आणि निम्म्या गावाला त्यांनी कधी ना कधी कोपऱ्यात उभं केलेलं. सत्तरीतले पुरुषसुद्धा त्या दिसल्या की खिशातले हात बाहेर काढतात.

"पेलागियाबाई," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे विद्यापीठ आहे, बसस्टँड नाही. आजपासून नियम. व्याख्यान पूर्ण संपल्यावर मी दारात उभी राहून प्रत्येकाच्या हिरव्या हजेरीपुस्तकात शिक्का मारणार. मधे उठेल त्याला शिक्का नाही. बारा व्याख्यानांतले दहा शिक्के नसतील त्याला प्रमाणपत्र नाही. बाकीचे तुमच्यामागे उठले, त्यांना माफ; तुमचे दोन आत्ताच गेले."

"म्हणजे आता एकदाही..."

"एकदाही नाही. अगदी आग लागली तरी!"

"आग लागली तर कोट आधी काढावे लागतील, मोठ्या बाई."

"बसा खाली!"

बाई बसल्या, त्या बसल्याच. सारा हिवाळा त्या बसून होत्या. अलोयझींना त्यांनी मुद्दाम रांगेच्या कडेला बसवलं, कारण ते उठल्याशिवाय तिथून मांजरही बाहेर पडू शकत नसे. सव्वाबारा वाजले की बाई आपल्याच स्वेटरची बटणं लावायच्या नि काढायच्या, काढायच्या नि लावायच्या. बाहेर कोटांची दैना झाली ती झालीच. औषधाच्या दुकानवाल्या काकू फेब्रुवारीभर पाद्रीबाबांची टोपी घालून हिंडल्या. पण बाईंच्या हिरव्या पुस्तकात शिक्के साठत गेले. सात, आठ, नऊ.

राहिलं शेवटचं व्याख्यान. एप्रिल लागला की आमच्याकडे जो तो आपल्या भाजीच्या वाफ्यात कांदे लावायला धावतो, म्हणून वर्ष मार्चमध्येच आटपतं. शेवटच्या गुरुवारी मोठ्या शहरातून प्राध्यापक साविच आले. वय ऐंशीच्या पुढे, केस कापसासारखे पांढरे, आणि विषय वाम मासा. वाम म्हटल्यावर सगळे खूश. आमच्या तळ्यांच्या मुलखात धुरी दिलेली वाम नाही तो सण नाही, त्यामुळे शेवटी चव बघायला मिळणार असा अर्ध्या लोकांचा समज होता.

चव बघायला मिळाली नाही. साविच बोलत राहिले. वामेचं पिल्लू कसं दूर महासागरातल्या एका शेवाळाच्या समुद्रात जन्मतं, विलोच्या झाडाच्या निमुळत्या पानाएवढं, काचेसारखं आरपार. कसं प्रवाहाबरोबर दोन-तीन वर्षं वाहत येतं, नद्यांत शिरतं, आपल्या तळ्यांत येऊन पंधरा-वीस वर्षं चिखलात काढतं. साडेबारा वाजले. साविच नद्यांतच होते. पावणेएक झाले. एक झाला. माणूस मधाळ बोलत होता, नाही असं नाही, पण घरी बिटाचं सूप गार होत होतं त्याचं काय?

लोक चुळबुळले. आणि मग एकेक करून सगळे एकाच दिशेला बघायला लागले, पेलागियाबाईंकडे. स्वतःहून उठायची कुणाची टाप नव्हती. मोठ्या बाईंनी शिकवलेली पिढी ती! अलोयझींनी गुडघे बाजूला करून वाट मोकळी करून दिली.

"बाई," ते पुटपुटले, "उठता का जरा?"

"मी? आणि माझा शिक्का?"

"माझ्या पोटात कावळे ओरडतायत हो!"

"ओरडू द्या. मी हलायची नाही."

सव्वा वाजला. एक वीसला स्टँडवरून मोठ्या बाईंच्या वस्तीकडे जाणारी बस सुटते, आणि नंतरची थेट चारला. मोठ्या बाई पहिल्या रांगेतून वाकून, जवळजवळ रांगतच, मागे आल्या.

"पेलागियाबाई, अहो, उठा ना!"

"तुम्हीच म्हणालात, आग लागली तरी नाही."

"मी शिक्का देते. आत्ता देते. बसल्या जागी देते!" आणि खरोखरच त्यांनी पर्समधून शिक्का काढला.

पेलागियाबाईंनी त्या शिक्क्याकडे बघितलं. याच्यासाठी सबंध हिवाळा त्यांनी बटणं झिजवली होती. पण समोर साविच नुकतेच म्हणत होते की वीस वर्षांनी एका शरदात वाम अचानक खायची थांबते, रुपेरी होते आणि परतीच्या वाटेला लागते.

"थांबा हो," बाई म्हणाल्या, "शेवट यायचाय अजून."

मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं, छताकडे बघितलं, आणि उठल्या. ताठ उभ्या राहिल्या. मग काय विचारता! सत्तर खुर्च्या एकदम करकरल्या. बाहेर कोटांचा जो काही गदारोळ झाला त्यात दोन छत्र्या मोडल्या आणि एका सभासदाची कवळी अजून सापडलेली नाही.

आत पेलागियाबाई एकट्या उरल्या. साविचांनी माइक खाली ठेवला.

"आपणही जा," ते म्हणाले. "मला सवय आहे."

"अर्ध्यावर सोडून? छे! पुढे काय होतं तिचं?"

म्हातारा स्टेजवरून उतरला, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला आणि राहिलेलं सगळं त्यांना एकट्यांना सांगितलं. पाच-सहा हजार किलोमीटर ती उपाशी पोहत जाते, अंडी त्या प्रवासात तयार होतात, आणि मग त्या समुद्राच्या तळाशी नेमकं काय घडतं ते आजवर कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

"म्हणजे शेवट माहीत नाही?"

"नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच."

"बरंय बाई!" पेलागियाबाई म्हणाल्या आणि खो खो हसत सुटल्या. साविचही हसायला लागले. मग त्यांची नजर हिरव्या पुस्तकावर गेली.

"यात मी सही करायची का?"

"शिक्का असतो. पण शिक्का बसस्टँडवर गेला."

"आमच्या काळी प्राध्यापक सही करायचे आणि मार्क द्यायचे. द्या इकडे."

"अहो, पण परीक्षा? फुकटचे मार्क नकोत मला."

साविच सावरून बसले. "ठीक आहे. वाम जन्मते कुठे?"

"समुद्रात. ते आपलं... सारगा... सागरासो... शेवाळाचा समुद्र हो तो!"

"हं. आणि आपल्या तळ्यातल्या वामेच्या पोटात अंडी का सापडत नाहीत?"

"परतीच्या वाटेवर तयार होतात म्हणून." बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "सापडत नाहीत हे मला आधीच माहीत होतं. पंधराव्या वर्षी मी माशांना धुरी द्यायच्या कारखान्यात लागले. दिवसाला दोनशे वामा चिरायची. सात वर्षं चिरल्या, एकीच्याही पोटात अंडं नाही. बाकी सगळ्या माशांत असतं, हिच्यातच का नाही? मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, तुला चिरायचे पैसे मिळतात, विचार करायचे नाहीत."

साविचांनी चष्मा काढला. "हा प्रश्न तुम्ही स्वतः विचारला होतात?"

"हो. सत्तावन्न वर्षं झाली." बाईंनी स्वेटरचं बटण काढलं नि लावलं. "उत्तर आज मिळालं."

म्हाताऱ्याने हिरवं पुस्तक पुढ्यात ओढलं. पेन काढून त्याने पुस्तकात हळूहळू, वळणदार अक्षरात लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मोठ्या बाई पेलागियाबाईंच्या दारात हजर. बस चुकली होती, पायी घरी गेल्या होत्या, नाक लाल झालं होतं.

"काल मी उठले," त्या म्हणाल्या.

"पाहिलं मी."

"नियमाने बघायला गेलं तर कालचा शिक्का तुमच्याशिवाय कुणालाच नाही. मलासुद्धा नाही. पण निम्म्यांचे मग दहा भरत नाहीत, आणि झगे भाड्याने आणून ठेवलेत. तेव्हा मी सरसकट सगळ्यांना मारतेय. द्या तुमचं पुस्तक."

"मला नको. जागा नाही त्यात."

मोठ्या बाईंनी पुस्तक उघडलं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. 'वाम मासा. संपूर्ण व्याख्यान ऐकले. तोंडी परीक्षा दिली. चांगले (४). प्रा. साविच.' आजवर असलं काही कुणाच्याच पुस्तकात नव्हतं, खुद्द अध्यक्षांच्याही नाही. शिक्का त्यांनी मुकाट्याने पर्समध्ये टाकला. मग त्यांच्यातली मुख्याध्यापिका जागी झाली.

"पण पाचातले चारच? एवढं थांबलात, पाच द्यायला काय झालं होतं त्यांना? मी पत्र लिहिते!"

"खबरदार!" पेलागियाबाई कडाडल्या. जन्मात मोठ्या बाईंवर कुणी असं ओरडलं नव्हतं. "समुद्राचं नाव चुकलं माझं. चार म्हणजे चार. माझे आहेत ते, कुणी हात लावायचा नाही."