मामांचा माळावरचा खड्डा

पेणपासून रोह्यापर्यंतचा मुलूख आयुष्यभर फक्त खाली बघून पाहिलेले एकच गृहस्थ मला माहीत आहेत, आणि ते नेमके आमच्या हिचे मामा निघाले. डोंगर, सूर्यास्त, नवीन झालेले पूल यांतलं काहीही त्यांनी धड पाहिलेलं नाही. नागोठण्याला अंबा नदीला पूर आला की लोक पाणी बघायला जातात. मामा पूर ओसरला की गाळ बघायला जातात. कुठंही उतरले की आधी चपलेच्या टाचेनं जमीन उकरतात. रोह्याच्या स्टँडवर त्यांचं हे उकरणं बघून एका बाईनं काळजीनं विचारलं, "काय पडलं काय वो तुमचं?" मामा म्हणाले, "माझं नाय, डोंगराचं पडलंय. हा भराव वरचा हाय, इथला नाय." बाईनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि ती जरा लांब जाऊन उभी राहिली. मीही राहिलो असतो, पण माझा हात मामांच्या हातात होता. रस्ता ओलांडताना ते माझा हात धरतात. मला वाटायचं प्रेमानं, पण ते खाली बघत असल्यामुळं गाड्या बघायला त्यांना माणूस लागतो.

मामांनी सगळी नोकरी सरकारच्या मातीच्या खात्यात काढली. काम असं, की घाटावर एखादं गाव गाठायचं, माळावर खड्डा खणायचा, त्यात उतरायचं आणि खड्ड्याच्या भिंतीसमोर बसून मातीचे थर वरून खाली लिहून काढायचे. कुठल्या थराचा रंग काय, खडे किती, मुळं कुठवर गेली, खडक कुठं लागला. थुंकी लावून चिमूटभर माती बोटांत मळायची, तिची वळी होते का बघायचं, बाटलीतल्या आम्लाचा थेंब टाकून चुना फसफसतो का बघायचं, आणि शेवटी त्या मातीला तिच्या जातकुळीत नेऊन बसवायचं. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, पण सवय सुटली नाही. रंगांच्या टिकल्यांची एक पुस्तिका त्यांच्या खिशात कायम असते. मामी म्हणतात, "आमच्याकडे च्यासुदा रंग बघून पितात. टिकली जुळंपर्यंत तो पार निवतो." माझं लग्न ठरलं तेव्हा मामांनी मला समोर बसवून घरच्यांना निकाल दिला होता, "दगडमिश्रित हाय. निचरा फार जलद. सांगितलेलं धरून ठेवत नाय. चराईला योग्य." सासरे म्हणाले, "म्हणजे होकार समजायचा ना?" मामा म्हणाले, "दुसरं पीक येणार नाय, एवढं समजून घ्या."

पेणला गणपतीच्या कारखान्यांत त्यांना आता आत घेत नाहीत. एका कारखान्यात बोलता बोलता त्यांनी ओल्या मूर्तीच्या पोटावर अंगठा दाबला, माती किती चिकट आहे ते बघायला. मूर्तिकार बिचारा नुसता म्हणाला, "मामा, तुम्ही भायेर बसून बोला." मामा बाहेर बसले आणि ही शाडू इथली नाही, लांबून आलेली आहे, हे आल्यागेल्या गिऱ्हाइकांना सांगू लागले. तेव्हा मूर्तिकारानं मला खूण केली, आणि मी मामांना उचलून स्टँडवर आणलं. मूर्तीच्या पोटावरचा ठसा मी जाता जाता सारवायला गेलो होतो. त्यामुळं आता मलाही आत घेत नाहीत.

हे सगळं गमतीचं. पुढचं तसं नाही.

गडब गावाच्या मागं डोंगराच्या पायरीवर मामांच्या घरचा एक माळ आहे. होता. खाली भातशेती, वर हा वरकस माळ. भात तिथं होत नाही. जुन्या माणसांनी कधी नाचणी घेतली असेल, एरवी गवतच. चैतापर्यंत ते गवत कापायचं आणि भाताची रोपं टाकायच्या आधी खालच्या वाफ्यावर पसरून त्याचा राब जाळायचा. माळ म्हणजे लाव्हाचा काळा पाषाण आणि त्यावर मातीची गोधडी. मामा म्हणायचे, "चार म्हैने बुडते नि आठ म्हैने तहानेनं मरते, अशी ही माती. तरी दर साल हिरवी होते."

भात कमी झालं, राब बंद झाला, गवत उभ्या उभ्या वाळायला लागलं, आणि माळाला एक पार्टी आली. पार्टीला हवा होता मुरूम, रस्त्याच्या भरावाला. सातबाऱ्यावर मामा आणि त्यांचे धाकटे भाऊ. धाकट्या मामांची सही लगेच झाली, कारण त्यांच्या लेकाला रोह्याजवळ वरश्याला घर घ्यायचं होतं. मोठ्या मामांनी अट घातली. आयुष्यभर लोकांच्या माळांची वर्णनं लिहिली, स्वतःच्या माळाचं राहिलं. आधी वर्णन, मग सही.

यात अडचण अशी, की मामांचं वर्णन संपेना. मातीचा रंग कोरड्यात एक आणि ओल्यात एक, म्हणून दोन्ही हवेत. माती गवत कापण्याआधी बघायला हवी, कापल्यावर बघायला हवी. पार्टीचे फोन धाकट्या मामांना यायचे आणि धाकटे मामा ते माझ्यावर ढकलायचे. "जावईबापू, तुमची सेकंड शिफ्ट असली की सकाळी मोकळेच ना तुम्ही? दादाला जरा हात द्या. दादा तुमचं ऐकतो." मामांनी माझं कधी काही ऐकल्याचं मला आठवत नाही, पण मला कोणी महत्त्वाचा समजलं की मी लगेच तयार होतो.

जागा मामांनी निवडली. माथ्यावर नाही, पायथ्याला नाही, मधोमध; सगळ्या माळाच्या वतीनं बोलेल अशी. खणायचं काम माझं. मी घाम गाळून खणलं आणि सगळी माती नीट एका बाजूला रचून त्या ढिगावर टेकलो. मामा काठी टेकत आले, बघितलं आणि कपाळाला हात लावला. उन्हाकडं तोंड असलेली भिंत वाचायची असते, तिच्या काठावर पाय द्यायचा नाही, माती टाकायची नाही. मी ढीग तिथंच केला होता, आणि वर स्वतः बसलो होतो. "जावईबापू," ते म्हणाले, "वाचायच्या पानावरच बसलात." मग मी तो ढीग उपसला आणि पुन्हा खणलं. गुडघ्याच्या जरा वर येईस्तोवर खणल्यावर कुदळ खण्‌कन वाजली. खडक लागला. मला इतका आनंद झाला की मी "लागला, लागला" म्हणून हातच वर केले. मामांना झाला नाही. त्यांनी मला पहार घेऊन आणखी दोन ठिकाणी ठोकायला लावलं. खण्‌, खण्‌.

मग ते खड्ड्यात उतरून बसले आणि मी वरून पाणी देत राहिलो. वरचा थर गडद तपकिरी, रव्यासारखा मोकळा, गवताच्या मुळांनी धरून ठेवलेला. त्याखाली जरा तांबूस, खड्यांनी भरलेला. त्याखाली मुरूम, आणि मग पाषाण. ते बोलत होते ते हळूहळू कमी झालं. उन्हं चढली, तरी ते त्याच त्याच जागी सुरीनं खरवडत होते. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की हे नुसतं वेळ काढणं नव्हतं. माती काहीतरी वेगळी निघेल, खोल, जपावी अशी, आणि ती निघाली की आपल्याला नाही म्हणता येईल, यावर हा माणूस सगळा भार टाकून बसला होता. आणि माती अगदी साधी निघत होती. उथळ, खडकाळ, गवतापुरती. अशा माळांनी सगळा सह्याद्री भरलाय.

मला राहवेना. मी म्हटलं, "मामा, खोल लिहा ना. कोण बघायला येणार आहे?"

"आणि उद्या ते वाचून कोणी विहीर खणायला घेतली म्हणजे?"

"या माळावर? कोण खणतंय?"

"तुमच्यासारखा कोणीतरी असतोच की वो," मामा म्हणाले, आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "हाय ते हाय. लिवून टाकू."

त्यांनी मातीला तिच्या वर्गात बसवलं. उथळ. त्याच आठवड्यात पेणला जाऊन सही केली. धाकटे मामा मला म्हणाले, "जमवलंत बघा." मी तेव्हा हसलो असेन, हसायची माझी सवयच आहे.

मशीन लागल्याचं कळलं तेव्हा मामा म्हणाले, मला वर घेऊन चला. मामी ओट्यावरूनच ओरडल्या, "कशाला जाताव? बघवणार हाय का तुम्हाला?" पण ते स्कूटरवर मागं बसलेसुद्धा. वर गेलो तर अर्धा माळ कापून झाला होता, आणि कापलेली कडा समोर उभी होती, माणसाहून उंच, सुरीनं कापलेल्या खरवसासारखी साफ. मामा बघतच राहिले. नोकरीत सगळा जन्म त्यांनी कुदळीनं ओबडधोबड खड्डे खणून घेतले होते. असा स्वच्छ छेद त्यांना कधी मिळाला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर आधी चक्क हौस आली. मग ते एका जागी थांबले.

कडेवर सगळीकडं तीच गुडघाभर माती, खाली मुरूम, खाली पाषाण. पण आमच्या जुन्या खड्ड्यापासून चार हातांवर पाषाण फाटलेला होता, आणि त्या फटीतून ती गडद तपकिरी माती सरळ खाली उतरली होती. पुढं आणखी एक फट, तिच्यातही. गवताची मुळं केसांसारखी आत आत गेलेली. चैताच्या उन्हात माळ मरत का नव्हता, ते समोर दिसत होतं.

मशीनवाला पोटापाण्यासाठी लांबून आलेला तरुण होता. त्यानं मशीन थांबवलं. "काका, बाजूला व्हा. वरून ढेकूळ पडेल."

"पडू दे रे. जरा दम धर."

मामांनी फटीतली माती काढली, मळली. तिची लांब वळी झाली आणि तुटली नाही, म्हणजे पाणी धरून ठेवणारी माती. ती त्यांनी तळहातावर ठेवली.

"काय निघालं काका? सोनंबिनं?"

"नाय," मामा म्हणाले. "मी उथळ लिवलं होतं." आणि मग मला, "एक खड्डा खणून मी अख्ख्या माळाचं लिवलं, जावईबापू. कुठं खणायचा तेसुदा मीच ठरवलं."

मी काहीतरी बोलणार होतो. जागा मधोमधच होती, नियमानंच होतं, दुसऱ्या कोणी खणला असता तरी... पण हे सगळं मला त्यांनीच शिकवलेलं होतं. शेजारी ट्रक भरून उभा होता. मशीनवाल्यानं पुन्हा हाक मारली, आणि मी त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला घेतलं.

त्या पावसाळ्यात मामांचे गुडघे गेले. आता ते पेणला लेकाकडं असतात, खिडकीपाशी बसून. श्रावणात मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी एकच काम सांगितलं. माळावर जाऊन या. खालच्या अंगाला, जिथं फटी होत्या, तिथं गवत आलंय का बघा. मी गेलो. पार्टीनं सगळीकडून पत्रे ठोकले होते. मी पत्र्यावरून डोकावायला म्हणून स्कूटरच्या सीटवर चढलो, स्कूटर घसरली आणि मी चिखलात आडवा झालो. उठून पत्र्याच्या भोकातून बघितलं, तर आत नुसतं साचलेलं पाणी.

पेणला जाऊन मी सांगितलं, "आलंय की. भरपूर."

"कुठलं?" मामांनी विचारलं. "कुसळी का पवन्या?"

मला गवतातलं काही कळत नाही. पण त्यांच्या मागं हिंडून एवढं कानावरून गेलं होतं, की कुसळी कुठंही येते, पवन्याला माती लागते.

"पवन्या," मी म्हटलं.

मामांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या शर्टाला चिखल वाळलेला होता, आणि चिखलावरून माणूस कुठवर जाऊन आला ते सांगणारा हा गृहस्थ. पवन्याचं पातं कसं असतं, तुरा कुठल्या रंगाचा, असं काहीही विचारलं असतं तरी मी तिथंच उघडा पडलो असतो. मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभा राहिलो.

"म्हणजे खाली अजून हाय थोडी माती," मामा म्हणाले, आणि त्यांनी आतल्या सुनेला हाक मारून माझ्यासाठी च्या टाकायला सांगितला.