मागच्या बैठकीवरची बाई

भुताखेतांच्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मासिकात कुणाची अशी हकिकत छापून आली की मी ती घरात मोठ्याने वाचून दाखवते, आणि वाचून झाली की मी आणि माझी भावजय राधा पोट धरून हसतो. आता तसलीच एक हकिकत स्वतः लिहायला बसले आहे तर लेखणी पुढे सरकत नाही… लाज वाटते. भीती त्या वेळीही वाटली नव्हती. लाज मात्र तेव्हा जी वाटली ती अजून सुटलेली नाही. म्हणून खाली नाव घालत नाही, संपादकांनी माफ करावं.

मी ठाण्याला भावाकडे राहते. सासर कल्याणचं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत कपाळ मोकळं झालं, केस उतरवले गेले, अंगावर लाल आलवण आलं, आणि वडिलांनी मला माहेरी आणलं. मुलगी गोदी मात्र कल्याणलाच राहिली. "आमच्या घरचं लेकरू आहे," असं मामंजी — म्हणजे माझे सासरे — म्हणाले, त्यावर कुणाला काही बोलता आलं नाही. सणावाराला मी आगगाडीने जाऊन तिला पाहून यायचे.

वडिलांच्या मागे धाकटा भाऊ बापू घरचा कर्ता झाला. तो इथल्या कोर्टात वकील. मला लिहायला-वाचायला त्यानेच शिकवलं, तेही शेजारीपाजारी नावं ठेवत असताना.

त्या वर्षी माघात बापूने मुंबईहून नवी गाडी आणली. डॉगकार्ट म्हणतात तिला. चाकं दोनच, पण चांगली उंच. काळं चकचकीत वॉर्निश, आऱ्यांवर तांबडी रेघ, खाली विलायती स्प्रिंगा. साहेबलोक शर्यतीला असल्या हलक्या गाड्या काढतात म्हणे. तिच्यात बसायची तऱ्हा मात्र विचित्र. हाकणारा पुढे तोंड करून बसतो, आणि मागची बैठक त्याच्या पाठीला पाठ लावून असते. मागे बसलेल्याला पुढचं काही दिसायचं नाही, मागे सुटलेला रस्ता तेवढा दिसायचा. घोडीही तशीच मिळाली, काठेवाडी, सडपातळ, एका जागी म्हणून उभी राहायची नाही.

बापूने बेत केला तो लांबचा. ठाण्याहून भिवंडी, कोनला तरीच्या नावेतून खाडी उतरून कल्याण, मग टिटवाळा, आणि पुढे मुरबाडपर्यंत जाऊन परत. कोर्टातले स्नेही त्याला हसले. "अहो वकीलसाहेब, स्टेशन घराशेजारी असताना ही धूळ कशाला खाता?"

"आगगाडी तिच्या टाइमाला धावते," बापू म्हणाला. "ही माझ्या मर्जीने धावेल."

निघायच्या आदल्या संध्याकाळी तो गाडी पुसत होता. मी ओसरीच्या दारात उभी होते. मला म्हणाला, "ताई, तूही चल ना. मागची जागा रिकामीच जाणार आहे. जरा वारा लागेल तोंडाला."

"आलवणातली बाई उघड्या गाडीवर? बापू, लोक तोंडात शेण घालतील रे."

"घालू देत की."

राधा आतून म्हणाली, "वन्सं, जा हो. घराचं मी बघते."

मी नाही म्हटलं. मनात जावंसं नव्हतं असं मात्र नाही. बापू आत गेल्यावर मी एकदा त्या मागच्या बैठकीच्या कातड्यावरून हात फिरवला, आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून आजूबाजूला बघितलं.

सकाळी तो एकटाच गेला. त्याच्याबरोबर नोकरदेखील नव्हता, हे मुद्दाम सांगते.

त्या दिवशी आम्ही दोघींनी पापड घातले. मागच्या अंगणात राधा लाटत होती आणि मी भिंतीशी बसून चटईवर पसरत होते. ऊन डोक्यावर आलं असेल. पापड हातात होता आणि एकाएकी माझ्या डोळ्यांपुढून अंगण गेलं… झोप नव्हती, चक्कर नव्हती. समोर एक पांढरा रस्ता होता आणि तो माझ्यापासून लांब लांब पळत होता. दोन्ही बाजूंनी झाडं माझ्या पाठीमागून येत आणि झरझर लहान होत जात. मिठागरांचा खारट वास आला. डोक्याला वारा लागला — पदराखालच्या डोक्याला नव्हे, नुसत्या उघड्या डोक्याला. ज्यांच्या वाट्याला ते आलं असेल त्यांनाच कळेल मी काय म्हणते ते.

"वन्सं! अगंबाई, हसताय काय एवढं?"

राधाने हाक मारली तेव्हा अंगण जागच्या जागी होतं. माझे पाय लांब पसरलेले होते आणि मी ते लहान पोरीसारखे हलवत होते. पापडाचा हातात लगदा झाला होता. मी पाय पोटाशी घेतले. "काही नाही, काहीतरी आठवलं," म्हटलं. ती गोष्ट तिथेच राहिली.

बापू ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी परत आला, धुळीने माखलेला आणि भलताच खुशीत. कल्याणच्या पेठेतून जाताना मामंजी ओट्यावर दिसले, पण घोडी बुजेल म्हणून थांबलो नाही, नुसता हात जोडून पुढे गेलो, एवढंच त्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने मामंजी स्वतः आले. ते पूर्वी कधी आमच्या घरी आलेले नव्हते. ओसरीवर बसले, पण राधाने पाणी पुढे केलं तर म्हणाले, "पाणी नको." मी दाराआड उभी राहिले. बोलले ते बापूशीच.

"वकीलसाहेब, माझ्या सुनेला उघड्या गाडीवर बसवून भर पेठेतून मिरवलंत, ते कुणाला विचारून?"

बापूला आधी कळलंच नाही. "काका, ताई घरी होती. मी एकटा होतो."

"मी ओट्यावर होतो. हातभर अंतरावरून गाडी गेली. ती मागे बसली होती. पदर खांद्यावर, डोकं उघडं, पाय हलवीत. आणि हसत होती." इथे त्यांचा आवाज चिरकला. "माझ्याकडे बघून म्हणाली, 'येते हं, मामंजी.' हा आवाज मी ओळखत नाही होय? समोरच्या कासाराने पाहिलं. देवळातून येणाऱ्या बायकांनी पाहिलं. अर्ध्या पेठेने पाहिलं!"

"वन्सं दिवसभर माझ्यापुढे होत्या," राधा म्हणाली. पुरुषांपुढे ती कधी बोलत नसे. "आम्ही पापड घातले. अजून वाळताहेत, या, दाखवते."

"म्हणजे मला वेड लागलं?"

मग ते खाली बघत म्हणाले, "गोदीची सोयरीक पनवेलला जुळली आहे. त्यांच्याकडून माणूस येऊन गेला. मुलीची आई कशी आहे, विचारत होता. काय सांगू त्याला?"

पोरीचं लग्न मोडलं तर ती जन्मभर कुणाच्या तोंडाकडे बघणार… आणि तेही मी न केलेल्या गोष्टीपायी.

बापू आत आला आणि मला हाताला धरून परसात घेऊन गेला. चेहरा पांढराफटक. "ताई, तुला एक सांगायचं राहिलं. मला ते तेव्हा काहीच वाटलं नव्हतं."

कोनच्या तरीवर गाडी चढवताना तिथला नावेवरचा तांडेल त्याला म्हणाला होता, "साहेब, आधी त्या बायला उतरवा, मंग गारी चरवू." बापूने वळून पाहिलं, बैठक रिकामी. तांडेल दुसऱ्या कुणाला बोलला असेल, असं त्याने धरलं. आणि टिटवाळ्याला ज्या गुरुजींकडे जेवायला थांबला, त्यांच्या बायकोने विचारलं होतं, "मागे बसलेल्या बाईंचं पान सोवळ्यात वेगळं मांडू का?" बापू म्हणाला, मी एकटाच आहे. तशी ती दाराबाहेर डोकावली आणि एकच पान मांडायला आत गेली.

"हे मामंजींना सांगू नकोस," मी म्हटलं. माझ्या तोंडून पहिलं तेच आलं. राधा दाराशी येऊन उभी राहिली होती. ती माझ्याकडे बघत होती आणि मला माहीत होतं की तिला पापडाच्या दिवसाचं माझं हसणं आठवतं आहे. त्यावर ती आजपर्यंत बोललेली नाही.

मामंजींनी एकच मागणं केलं. देवापुढे तिला गोदीच्या नावाने शपथ घेऊन सांगू दे, मी तेवढ्यावर विश्वास ठेवीन.

दिवेलागणीला मी देवघरात गेले. मामंजी बाहेर उंबऱ्याशी उभे. मी म्हटलं, "त्या दिवशी मी या घराबाहेर पाऊल टाकलं नाही. गोदीची शपथ." बोलले त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तरी बोलताना जीभ टाळूला चिकटली, कानशिलं तापली, चोरी करताना पकडल्यासारखी मी घामाने भिजले. खोटी शपथ घेणाऱ्या बाईला जसं वाटत असेल, अगदी तसं. आणि शपथ लेकीच्या डोक्यावरची!

मामंजींनी बराच वेळ माझ्या पाठीकडे पाहिलं असावं. मग राधाला म्हणाले, "पाणी दे, मुली."

जाताना ओसरीच्या पायरीवर ते थांबले. "माझ्या नजरेत दोष आला असेल," म्हणाले. "वय झालं."

कल्याणला जाऊन त्यांनी तेच सगळ्यांना सांगितलं. मामंजींसारखी पेठेतली मोठी असामी म्हणाली, की माझीच नजर चुकली, गाडीवर दुसरीच कुणी असेल, तेव्हा बाकीच्यांनीही मान डोलावली. पनवेलकडची माणसं निवळली. पण त्या दिवसापासून मामंजी काठी घेऊन चालू लागले. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर "कोण?" म्हणून विचारू लागले. त्यांचे डोळे स्वच्छ होते हो. मी खरं बोलले, आणि त्यापायी चांगल्या डोळ्यांच्या माणसाने स्वतःला आंधळं ठरवून घेतलं. पुढे ते वारले तेव्हा मला सगळ्यात जास्त रडू याचंच आलं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

गोदीचं लग्न झालं. मांडवात मी असायचं नव्हतंच, कोठीच्या खोलीत बसून मंगलाष्टकं ऐकली.

बापूच्या एका डॉक्टर मित्राला आम्ही नाव न सांगता हे विचारलं होतं. तो म्हणाला, उन्हात धुळीच्या लोटात असे भास होतात, इंग्रजीत त्याला इल्यूजन म्हणतात. एकाला झाला की तो दुसऱ्याला सांगतो आणि दुसऱ्यालाही दिसू लागतो. असेल. पण कोनच्या तांडेलाने टिटवाळ्याच्या गुरुजींच्या बायकोला कधी काय सांगितलं? आणि अंगणात बसून मला मिठागरांचा वास आला तो? ते तर मी डॉक्टरला विचारलंच नाही, कारण बापूलाही कधी सांगितलं नव्हतं. आज इथे छापलेलं वाचेल तेव्हा त्याला कळेल.

एवढंच असतं तर मी लिहायलाही बसले नसते. मागच्या श्रावणात गोदी चार दिवस आमच्याकडे राहायला आली. आता ती दोन लेकरांची आई आहे. दुपारी ती माझ्यापाशी आडवी झाली होती. छताकडे बघत म्हणाली, "आई, एक विचारू? बापूमामाच्या गाडीवर तू होतीस ना?"

मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"मी माडीच्या खिडकीत होते तेव्हा. आजोबा म्हणाले, नजर चुकली, म्हणून मी कुणाला बोलले नाही. पण माझी नजर चुकली नव्हती. तू इतकी हसत होतीस… मी तुला तसं कधी पाहिलंच नव्हतं."

शपथेच्या वेळी चिकटलेली जीभ या वेळी सहज सुटली. मी म्हटलं, "होते गं."

का म्हटलं, ठाऊक नाही. मी तिथे नव्हते, हे राधाला आणि देवाला माहीत आहे. पण तिच्या तोंडावरची ती आशा बघून मला नाही म्हणवलं नाही.

गोदी उठून बसली. बराच वेळ माझ्या हाताशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मी वरून 'आई, आई' म्हणून केवढ्याने ओरडले. तू आजोबांशी बोललीस. मान वर करून माझ्याकडे बघितलं का नाहीस?"

तिला काय सांगायचं ते मला तेव्हाही कळलं नाही, अजूनही कळत नाही. त्या गाडीवर मी खरंच असते तर त्या घरासमोर माझी नजर आधी कुणाकडे गेली असती, हे कुठलीही आई सांगेल. मग ती माझ्यासारखी दिसणारी, माझ्या आवाजाची बाई कोण होती? की ती मीच होते, आणि एकदा वारा लागल्यावर मला लेकीची आठवणही राहिली नाही?

वाचकांपैकी कुणाला काही उलगडा होत असेल तर त्यांनी मासिकाकडे अवश्य लिहावं. मी गोदीला त्या दुपारी एवढंच म्हटलं की, ऐकू आलं नाही गं, चाकांचा फार आवाज होता. तिने ते मानलं.