ओढणीवरचे डोळे

ऑइल पेंटचा वास आला की मला मोहर्लीजवळचं, जंगलाला लागून असलेलं दादाचं घर आठवतं. त्याच्या लेकीसाठी आम्ही धानाची खोली रिकामी करून खेळायची खोली करत होतो. मी ‘वाघ वाचवा’ची पत्रकं वाटत मोठी झालेली, म्हणून चंद्रपूरहून मऊ कापडी वाघ आणला होता. तो मधोमध ठेवून भोवती बाहुल्या गोल बसवल्या, फळ्यांना निळा रंग दिला आणि चहाला गेले. परत येऊन पाहते तर साऱ्या बाहुल्या भिंतीला पाठ टेकून बसलेल्या. “हे काऊन केलं गं?” मी पोरीला विचारलं. “आत्या, तुले काहीच समजत नाई. वाघ मागून येते!” मी हसले. “हा तर कापसाचा आहे, वेडे.” ती मात्र माझा ब्रश उचलून अंगणात पळाली. वहिनी सरपणाला निघाली होती. “आई, हालू नको ना!” म्हणत पोरीनं तिच्या डोक्यावरच्या ओढणीवर मागून दोन मोठे डोळे काढले. वहिनी म्हणाली, “रोजचंच आहे हिचं, बाई. डोळे दिसले की वाघ मागून येत नाई म्हणते. आधी कोळशानं काढे, आज रंग भेटला.” ती जंगलाकडे वळली आणि ते ओले निळे डोळे माझ्याकडे बघत दूर गेले. ती मोळी घेऊन परतेपर्यंत आम्ही दोघी त्या खोलीत, बाहुल्यांच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून बसलो. आज सभांमध्ये मी वाघाआधी त्या ओढणीबद्दल बोलते, आवाज चढवून बोलते. आणि बोलून झालं की भिंतीजवळची खुर्ची शोधते.