हनुलुलूवाले मास्तर

"बघितल्याशिवाय मी काढत न्हाई." हे म्हणताना मास्तर चष्मा कपाळावर सरकवायचे आणि समोरच्याकडे असं निरखून बघायचे, की हा आता आपल्यालाच चादरीवर काढतो की काय, अशी त्याला धास्ती वाटावी.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. सोलापुरात चादरीच्या कारखान्यात नक्षी काढणाऱ्यालाही मास्तर म्हणत. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून ते मोर काढणार, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पडणार, त्या पट्ट्या मागावर चढणार आणि मोर चादरीत उतरणार. मी त्याच कारखान्यात पत्रव्यवहाराचा कारकून होतो. परदेशी पत्रं इंग्रजीत टाइप करायची आणि आलेली पत्रं मालकांना मराठीत वाचून दाखवायची, हे माझं काम. इंग्रजी येणारा मी एकटाच असल्यामुळे माझं इंग्रजी किती कच्चं आहे, हे तिथं कुणाला कधी कळलं नाही.

एकदा वाघाच्या चादरीची मागणी आली. मास्तरांनी गावात सर्कस येईपर्यंत ती अडकवून ठेवली. सर्कस आली तेव्हा तिकीट काढून तीन दिवस पुढच्या रांगेत बसले. चादरीवरचा वाघ जरा अशक्त निघाला. मालकांनी विचारलं तर म्हणाले, "सर्कशीतला हाय. तितं खायला कमी देतात." परीची मागणी मात्र त्यांनी परत पाठवली. मालकांनी लई समजावलं, पण परी कुठं बघायला मिळते हे मालकांनाही सांगता आलं नाही.

असा हा माणूस सत्तरच्या दशकात होनोलुलूला जाऊन आला. कसा, ते सांगतो.

समुद्रातल्या त्या बेटावरच्या शहरात हॉटेलांना लागणाऱ्या मालाचं प्रदर्शन होतं. आमचे टॉवेल तिथल्या एका व्यापाऱ्याला आवडले होते. त्यानं दुभाष्याची सोय करून बोलावलं म्हणून मालक निघाले, आणि विणकामातलं कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायला असावेत म्हणून मास्तरांना बरोबर घेतलं. स्टेशनवर निरोप द्यायला निम्मा कारखाना लोटला होता. मास्तरांनी हातात धोतराचा गठ्ठा घेतला होता. तिथं धोतर मिळेल न मिळेल, म्हणाले.

त्या व्यापाऱ्यानं पाहुण्यांना खूश करायला हेलिकॉप्टरच्या सफरीची दोन तिकिटं काढली. वीस मिनिटांत सगळं शहर वरून दाखवतात. ऐन वेळी मालकांच्या पोटात कळ आली. हेलिकॉप्टर जमिनीवर उभं होतं तोपर्यंत ती नव्हती, पंखा फिरायला लागल्यावर आली. "मास्तर, तुमी बघून या," ते म्हणाले, "आन् आपल्या चादरीत उतरवा. आपण तेच ह्यांना विकू." म्हणून मास्तर एकटे वर गेले.

परत आल्यावर सोलापूरनं त्यांना डोक्यावर घेतलं. सोलापुरात सत्काराला टॉवेल-टोपी देतात. महिनाभरात मास्तरांच्या घरी चौदा टॉवेल जमले, त्यातले नऊ आमच्याच कारखान्याचे होते. सगळीकडे वक्ते त्यांचा उल्लेख "हनुलुलूवाले मास्तर" असा करत. मालक शेजारी बसून "आम्ही वर गेलो तेव्हा" अशी सुरुवात करत. मास्तर मालकांकडे एकदा बघत आणि मग स्वतःच्या चपलांकडे.

लोक विचारायचे, "वरून कसं दिसतं हो?"

मास्तर म्हणायचे, "चादर अंथरल्यावानी."

"म्हणजे पाणी निळं आणि झाडं हिरवी?"

"व्हय."

"घरं पांढरी असतील की."

"व्हय की."

लोकांचं समाधान व्हायचं. माझ्या मात्र एक गोष्ट लक्षात आली होती. निळा, हिरवा, पांढरा. मास्तरांचं होनोलुलू कधीही तीन रंगांच्या पुढं गेलं नाही, आणि आमच्या मागावर एका चादरीला तीनच रंग बसत. एवढ्या लांब जाऊन माणसाला कारखान्यात बसतील तेवढेच रंग कसे दिसले, याचं मला कुतूहल होतं.

मग चादरीचा तगादा सुरू झाला. व्यापाऱ्याचं पत्र आलं: आमच्या शहराची आकाशातून दिसणारी नक्षी लवकर पाठवा. मी उत्तर टाइप केलं: नक्षीचं काम चालू आहे. पुढच्या पत्रालाही तेच उत्तर दिलं, त्याच्या पुढच्यालाही. मास्तरांच्या टेबलावरचा कागद पहिल्या दिवसासारखा कोरा होता. मालक रोज येऊन विचारायचे, "तुमी बघितलंय, मग अडतंय कुटं?" मी एकदा सुचवलं की तिथली रंगीत पोस्टकार्डं मागवू, त्यावरून काढा. मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. मी विषय बदलला.

एके दिवशी दुपारच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. डबा उघडला नाही. म्हणाले, "तुमाला म्हणून सांगतो. मी डोळे मिटून बसलो होतो."

"केव्हा?"

"वर. पट्टा बांधला तवा मिटले, ते खाली उतरल्यावर उघडले. दार काचेचं, पायाखाली पण काच. पन्नास माग एकदम चालू केल्यावानी आवाज. शेजारी एक बाई बसलेली, ती माझा हात धरून 'लुक, लुक' करायची. मी 'यस, यस' म्हणायचो. ऊन एकदा ह्या गालावर यायचं, एकदा त्या गालावर. एवढंच मी आणलंय तितनं."

"मग लोकांना सांगत होतात ते?"

"ते लोकच मला सांगत होते. मी व्हय म्हणत होतो."

मला आधी हसू येत होतं, ते गेलं. कुणाला वाटेल, यात एवढं काय? घाबरतं माणूस. पण आयुष्यभर बघितल्याशिवाय एक पान न काढलेला हा माणूस, आणि आता न बघितलेलं अख्खं शहर त्याला काढायचं होतं. काढलं नाही तर मालकांची ऑर्डर जाणार, आणि काढलं तर मास्तर स्वतःच्या नजरेतून उतरणार. आठवडाभर ते जेवले नव्हते, हे मला नंतर त्यांच्या बायकोकडून कळलं.

पुढच्या सोमवारी सकाळी ते मला घेऊन आमच्या भागातल्या पाण्याच्या टाकीखाली आले. उंच सिमेंटची टाकी, बाहेरून लोखंडी शिडी. राखणदार ओळखीचा होता. मास्तर म्हणाले, "शहर वरनं कसं दिसतं, ते तर बघितलं पायजे." धोतराचा काचा मारला, कागदाची गुंडाळी पाठीला बांधली आणि चढायला लागले. प्रत्येक पायरीवर थांबून ते शिडीला मिठी मारत होते. त्यांना धीर द्यायला म्हणून मीही चढलो आणि सातव्या पायरीवरून परत आलो.

वर पोचल्यावर त्यांनी सत्कारातल्या एका टॉवेलनं स्वतःला कठड्याला बांधून घेतलं. पहिल्या दिवशी तासभर नुसते बसून होते. मी खालून ओरडून विचारलं, "डोळे उघडे आहेत का?" वरून आलं, "एक."

दुसऱ्या दिवशी दोन्ही उघडले. मग रोज सकाळी कामावर येण्याआधी ते टाकीवर असायचे. बारा दिवसांनी कागद पुरा झाला. मी खूप नक्ष्या पाहिल्या, पण तशी पाहिली नाही. मधोमध सिद्धेश्वराचं तळं आणि त्यात देऊळ. त्या वर्षी पाऊस नव्हता, तळ्यात पाणी कमी होतं, त्यांनी होतं तेवढंच काढलं. कडेला किल्ल्याची दातेरी भिंत. कारखान्यांचे पत्रे ओळीनं पांढरे. आणि गल्ल्यागल्ल्यांतून बांबूंवर वाळत घातलेलं लाल सूत. रंग तीनच. हिरवा काढून टाकला होता. "सोलापुरात हिरवं मला कुटं दिसलं न्हाई," म्हणाले.

कागद घेऊन ते मालकांकडे गेले. मी पत्रं घेऊन तिथंच उभा होतो. मास्तर सरळ म्हणाले, "मालक, मी तितं डोळे मिटले होते. हे सोलापूर हाय."

मालकांनी कागद उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "असं बाहेर बोलू नका. मी पण वर गेलतो, असं गावाला सांगून बसलोय. दोघांचंही नाव जाईल."

"पण हे सोलापूर हाय."

"वरनं सोलापूर कुणी बघितलंय? कोण ओळखणार?" आणि मालकांचं खरंच होतं. कारखान्यातल्या झाडून सगळ्यांनी ती नक्षी बघितली. ज्यांची घरं तिच्यात होती त्यांनीसुद्धा "काय सुंदर बेट आहे" म्हणून मान डोलावली. एकानं तर, बेटावर पण सूत वाळवतात काय, एवढं विचारलं आणि स्वतःच, माणसं आहेत म्हटल्यावर कपडे लागणारच, असं म्हणून गेला. मालकांनी हुकूम दिला: चादरीच्या काठात इंग्रजीत मोठ्या अक्षरांत 'होनोलुलू' विणा.

मास्तर माझ्याकडे आले. त्यांना इंग्रजी यायचं नाही. मी कागदावर अक्षरं काढून द्यायची, त्यांनी चौकोन मोजून ती उतरवायची, अशी आमची रीत होती.

"किती अक्षरं हायती?"

"आठ."

"आन् सोलापूरची?"

मी बोटांवर मोजलं. तेव्हा स्टेशनच्या पाटीवर 'एस'च्या पुढं 'एच' घालून शोलापूर लिहीत. "तीही आठ," मी म्हणालो.

मास्तर नुसते कागद पुढं करून उभे राहिले. माझ्या घरी तेव्हा कमावणारा मी एकटा. ती आठ अक्षरं लिहायला मला पाच मिनिटं लागली. कागद परत देण्याआधी मी मालकांच्या दाराकडे एकदा बघून घेतलं.

नमुन्याची चादर तयार झाली. मालकांनी काठावर बोट ठेवून विचारलं, "किती अक्षरं पायजेत?" मी सांगितलं. त्यांनी आठ मोजली आणि सही केली.

तीन महिन्यांनी व्यापाऱ्याचं पत्र आलं. मी ते मालकांना वाचून दाखवलं: माल आवडला, आणखी पाठवा. उरलेला अर्धा भाग मी संध्याकाळी मास्तरांच्या घरी जाऊन वाचला. आपल्या शहराचं नाव का नाही, अशी विचारणा त्यात होती. पण हॉटेलातल्या पाहुण्यांना चादर फार आवडली होती आणि ते विचारत होते, हे शोलापूर नावाचं बेट कुठल्या समुद्रात आहे, आणि तिथं हेलिकॉप्टरची सफर असते का.

मास्तरांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. मग गंभीरपणे म्हणाले, "कळवा त्यांना. समुद्र न्हाई. तळं हाय. आन् टाकीवर चढाय लागतं." मी तसं कळवलं. कारखान्याच्या कागदावर, मालकांना न विचारता.

त्यानंतर दोन वर्षांनी मास्तर तापाचं निमित्त होऊन गेले. कारखान्यात शोकसभा झाली. अध्यक्ष मालक. एकेक वक्ता उठला आणि होनोलुलूला जाऊन आला. आकाशातून जग पाहिलेला पहिला सोलापूरकर, असं एक जण म्हणाला. दुसऱ्यानं निळं पाणी सांगितलं. मालकांनी डोळे पुसत, "आम्ही वर गेलो तेव्हा मास्तरांनी माझा हात धरला होता," असं सांगितलं. मलाही बोलायला सांगितलं. मी उठलो. समोर मालक बसले होते. मास्तर फार सज्जन होते, एवढं बोलून मी खाली बसलो.

सभा संपल्यावर मास्तरांच्या बायकोनं मला दाराशी गाठलं. घरी तेलुगू, त्यामुळे मराठी त्या सावकाश, एकेक शब्द जुळवून बोलत.

"सगळे विमानाचंच बोलले," त्या म्हणाल्या. "तितं तर ते डोळे मिटून बसले होते. टाकीवर उघडे ठेवले होते. ते तुमाला ठावं होतं."

मी मान खाली घालून म्हणालो, "पुढच्या वेळी नक्की सांगेन."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पुढच्या येळी," त्या म्हणाल्या, "कोण मरणार हाय?"